देवाच्या नावावरचं घर

कलकत्त्यातल्या एका कुटुंबाच्या देवाला राहायचं कुठे आहे, हा प्रश्न १९२५ साली लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायाधीशांपुढे आला होता. मलिक घराण्यात पूजेच्या पाळ्या लागलेल्या होत्या. एका भावाचं म्हणणं असं की, माझी पाळी आली की देव मी माझ्या घरी नेणार. न्यायाधीशांनी निर्वाळा दिला तो असा: देव म्हणजे उचलून न्यायची चीजवस्तू नव्हे. कायद्याच्या दृष्टीने तो व्यक्ती आहे आणि कुठे राहावं याविषयी त्याच्या इच्छेला मान आहे. ती इच्छा मांडायला भांडणाऱ्या भावांपैकी कुणी चालणार नाही, देवाच्या वतीने त्रयस्थ माणूस उभा करा. आणि हो, घरातल्या बायकांनाही या दाव्यात सामील करून घ्या. समुद्रापलीकडच्या परधर्मी न्यायाधीशांनी एका घरगुती मूर्तीच्या मनात काय आहे याची एवढी गंभीरपणे चौकशी करावी, याचं मला आजही नवल वाटतं.

उत्तर कोलकात्यातल्या जुन्या घरांच्या दुर्गापूजा समजून घ्यायच्या तर सुरुवात या खटल्यापासून करावी. एरवी आपण तिथली झुंबरं नि कमानी पाहून येतो. पण वाटण्या होतात, पोरं परदेशी जातात, धंदे बसतात, आणि तरी दर शरदात त्याच अंगणात गावजेवण उठतं, हे जमतं कसं?

शोभाबाजारची राजबाडी हे यातलं सर्वांत नावाजलेलं घर. नवकृष्ण देव हा फारसी जाणणारा, ईस्ट इंडिया कंपनीचा मुनशी. जून १७५७मध्ये प्लासीची लढाई झाली आणि त्याच शरदात त्याने घरी दुर्गापूजा मांडली. तिला रॉबर्ट क्लाइव्ह आला होता असं सांगतात. क्लाइव्ह येवो न येवो, नव्या सत्तेशी जुळवून घेतलेल्या माणसाने आपलं वजन दाखवण्यासाठी मांडलेला तो थाट होता, यात शंका घ्यायचं कारण नाही. नवकृष्णाला बराच काळ मूल नव्हतं, म्हणून त्याने पुतण्या गोपीमोहनाला दत्तक घेतलं. पुढे पोटचा मुलगा राजकृष्ण झाला. आपल्याकडे इथून भाऊबंदकीचं नाटक सुरू होतं. तिथे रस्त्याच्या पलीकडे दुसरी वास्तू उभी राहिली आणि दुसरी पूजाही. आज राजा नवकृष्ण स्ट्रीटवर ती दोन घरं समोरासमोर आहेत. एकाला बडो तरफ म्हणतात, दुसऱ्याला छोटो तरफ.

वास्तूची रचनाच बघा. दिंडीतून आत गेलं की मोकळं अंगण लागतं. समोर पायऱ्या चढून कमानींचा ठाकूरदालान. त्याला तीन बाजूंनी भिंती आणि चौथी बाजू अंगणाकडे सताड उघडी. अंगणाभोवती वरच्या मजल्यावर गॅलऱ्या, त्यांना लाकडी पट्ट्यांची झडपं. एकेकाळी घरच्या बायका त्या झडपांआडून पूजा पाहत. म्हणजे एकाच चौकात देवी, पाहुणे, गावकरी आणि पडद्यातला स्त्रीवर्ग अशा सगळ्यांची सोय. आपल्या वाड्यातही देवघर असतं, पण बहुधा आतल्या खोलीत, सोवळ्याच्या आड. इथे देवघर असं बांधलंय की त्यासमोर माणसं जमल्याशिवाय त्याला शोभा नाही. वर्षातले पाच दिवस सोडले तर हे दालान बहुतेक रिकामंच.

एवढी मोठी जागा रिकामी ठेवणं कुठल्याही हिशोबी वारसाला परवडणारं नाही. इथे बंगालच्या जुन्या कायद्याने मदत केली. महाराष्ट्रात मिताक्षरा चालायची: मुलगा जन्मला की वडिलोपार्जित मिळकतीत त्याचा हक्क लागलाच. बंगालमध्ये जीमूतवाहनाचा दायभाग. त्यात बाप जिवंत आहे तोवर मालक एकटा बाप. त्यामुळे म्हाताऱ्याच्या मनात आलं तर तो सगळी इस्टेट देवाच्या नावावर करू शके. अशा मिळकतीला देवोत्तर म्हणतात. मालक देव, आणि वंशज त्याचे सेवाईत, म्हणजे सेवेकरी वहिवाटदार. सेवाइताने घर विकायचं म्हटलं तर विकणार कसं? ते त्याचं नाहीच. (कज्जेदलाली करणाऱ्यांनी यातही वाटा काढल्या, तो वेगळा विषय. शिवाय काही बापांनी सावकारांना चकवण्यासाठी देवाचं नाव लावलं, हेही खरं.)

घराची वाटणी करता येत नाही, पण सेवेची करता येते, आणि ती काळाच्या मापाने होते. तिला पाला म्हणतात, आपली पाळी. समजा तीन भाऊ आहेत, तर प्रत्येकाच्या वाट्याला तिसऱ्या वर्षी पूजा येते. त्या तिघांना तीन-तीन मुलगे झाले की नऊ वर्षांनी एकदा. पुढच्या पिढीत सत्तावीस. कुणाचा हिस्सा मग वर्षातल्या ठरावीक दिवसांवर येतो. कालीघाटच्या देवळातल्या हालदार मंडळींच्या पाळ्याही याच वळणाच्या. सेवाइताचा हक्क ही मिळकतच आहे, म्हणून तो विधवेलाही मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली दुसऱ्या एका कलकत्त्याच्या खटल्यात सांगितलं. झडपांआडच्या बाईकडे अशी पूजेची पाळी आली. हा बदल मला त्या सगळ्या झुंबरांपेक्षा मोठा वाटतो.

कोकणात किंवा गोव्यात मूळ घरी सगळ्या भाऊबंदांचा मिळून एकच गणपती असतो आणि खर्चाची पाळी फिरते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

रिवाजाचे बारकावेही मजेदार आहेत. शोभाबाजारचं देव घराणं कायस्थ, ब्राह्मण नव्हे, म्हणून देवीला शिजवलेल्या भाताचा नैवेद्य नाही. कोरडे तांदूळ, फळं आणि ढीगभर फराळाचं: मोतीचूर, जिबेगजा, निमकी, कचोरी. हे सारं घरीच तळलं जातं, तेही ब्राह्मण आचाऱ्यांच्या हातून. रथयात्रेच्या सुमारास मूर्तीच्या लाकडी सांगाड्याची पूजा होते, म्हणजे तयारीला तीन महिने. मूर्ती एकाच चौकटीत, लेकरांसकट. अष्टमी संपतानाची चोवीस मिनिटं आणि नवमी लागतानाची चोवीस, या सांध्यावर एकशे आठ दिवे लागतात. विसर्जनाला गंगेत दोन होड्या जोडून त्यांवर मूर्ती ठेवायची आणि मध्यधारेत होड्या हळूच दूर सारायच्या. मधल्या फटीतून देवी सरळ खाली जाते. देवी निघाल्याची वर्दी शंकराला द्यायला पूर्वी नीलकंठ पक्षी सोडत. आपल्याकडेही दसऱ्याला तो दिसणं शुभ. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर ते थांबलं. आता त्याच्या जागी बनवलेला पक्षी असतो.

अंगण फक्त देवीसाठी उघडलं असंही नाही. या घराण्यातल्या राधाकांत देवांनी ‘शब्दकल्पद्रुम’ हा प्रचंड संस्कृत कोश सिद्ध केला. सतीबंदीला विरोध करणारेही तेच, हे विसरू नये. १८९३मध्ये याच घराण्यातल्या विनयकृष्ण देवांच्या घरी एक साहित्यसभा स्थापन झाली, तीच पुढे बंगीय साहित्य परिषद म्हणून वाढली. त्याच वर्षी पुण्यात टिळक गणपतीला चौकात आणत होते. आणि शिकागोहून परतलेल्या विवेकानंदांचा नागरी सत्कार झाला तो २८ फेब्रुवारी १८९७ रोजी शोभाबाजारच्या राजबाडीतच.

आता एक गोष्ट, मराठी वाचकाला जरा अवघडवणारी. प्लासीच्या पंधरा वर्षं आधी, १७४२च्या शरदात, नागपूरकर भोसल्यांचा सेनानी भास्करराम कोल्हटकर याने काटव्याजवळ दाईंहाट इथे दुर्गापूजा मांडली होती. ती पुरी व्हायच्या आत बंगालच्या नवाब अलीवर्दीखानाने छापा घातला आणि मराठ्यांना पळावं लागलं. बंगालमध्ये आपली ओळख बर्गी अशी, आयांनी मुलांना निजवताना भीती घालायची ती. त्या धास्तीने कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. शोभाबाजारपासून चालत जाण्याच्या अंतरावर, बागबाजारात, आजही ‘मराठा डिच लेन’ अशी पाटी आहे.

घरांच्या पूजा टिकल्या, पण शहर त्यांच्यापुढे निघून गेलं. हुगळीतल्या गुप्तीपाड्यात बारा मित्रांनी वर्गणी काढून पूजा सुरू केली म्हणतात. त्या वाटेने आलेल्या मांडवांनी आज कोलकाता भरून गेलंय, आणि २०२१च्या डिसेंबरात युनेस्कोने या उत्सवाला मानवतेचा अमूर्त वारसा म्हटलं. मांडवाला वर्गणी लागते. राजबाडीत वर्गणी नाही, पाळी आहे. कुणाच्या वाट्याला अष्टमी येणार हे काहींना आपला मुलगा मोठा व्हायच्या आधीच ठाऊक असतं, आणि त्यासाठी अमेरिकेतून तिकीट काढून येणारे सेवाईतही असतात.