दोन घराण्यांची मैत्री आणि तिसऱ्याची जागा

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात शिष्यवृत्ती-वाटपाचा समारंभ झाला आणि आभारप्रदर्शनाचे काम माझ्याकडे आले. बुलढाणा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी असे समारंभ कसे होतात हे वाचकांना माहीत आहे. व्यासपीठावर दोन घराण्यांचे दोन प्रतिनिधी होते. दोघांचे उद्योग वेगळे, धर्मादाय निधी मात्र एकत्र. एकाने भाषणात दुसऱ्याच्या आजोबांशी असलेल्या स्नेहाची आठवण सांगितली, दुसऱ्याने पहिल्याच्या वडिलांची. बावीस मुलेमुली रांगेने वर आली, पाकीट घेतले, छायाचित्रासाठी थांबली आणि खाली उतरली. मग मी उभा राहिलो. 'या दोन घराण्यांच्या मैत्रीच्या सावलीत आमची मुले वाढत आहेत' असे एक वाक्य मी बोललो. टाळ्या पडल्या.

संध्याकाळी पाकीट मिळालेला एक विद्यार्थी स्टँडवर भेटला. म्हणाला, "सर, त्याइची दोस्ती हाय, ठीक हाय. पण आपुन त्याच्यात कोन?"

त्याला तिथे उत्तर देता आले नाही. माझा आजा खामगावच्या एका जिनात हमाल होता, आजी सरकी वेचायला जायची. घरातला पहिला पदवीधर मी. पाकिटे मीही घेतली आहेत. म्हणून हा प्रश्न त्या मुलाइतकाच माझाही आहे, आणि त्याचे उत्तर भावनेने न देता इतिहासातून शोधावे असे मला वाटले. आपल्याच विदर्भात त्याची सामग्री आहे.

खामगाव ही कापसाची पेठ. जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो १८७० साली, आणि तो आला कापसासाठी. शेतातून पेठेत, पेठेतून जिनात, जिनातून गाठी होऊन मुंबईला, हा वऱ्हाडच्या कापसाचा मार्ग. या मार्गावर ठिकठिकाणी संपत्ती साठत गेली. ती वेचणाऱ्याच्या आणि गाठ उचलणाऱ्याच्या घरी साठली नाही. मुंबईच्या कापूस बाजारातले एक बडे नाव गोविंदराम सेकसरिया. वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयाला १९४० साली हे नाव मिळाले, पुढे नागपूरच्या वाणिज्य महाविद्यालयालाही मिळाले. १९४७ साली खामगावात महाविद्यालय निघाले, त्यालाही हेच नाव. वर्धा-नागपूरची ही महाविद्यालये ज्या शिक्षा मंडळाची, ते जमनालाल बजाजांनी उभे केलेले. म्हणजे एका घराण्याच्या संस्थेवर दुसऱ्या घराण्याचे नाव. धनिकांचा स्नेह आणि दान यांची ही नेहमीची रीत आहे. या महाविद्यालयांतून आपली शेकडो मुले शिकली, हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु कापूस गाठीच्या रूपाने गेला आणि नावाच्या रूपाने परत आला, हेही तितकेच खरे आहे.

आता या रीतीचे सर्वांत मोठे उदाहरण घेऊ. वर्ध्याचे जमनालाल बजाज आणि पिलानीहून कलकत्त्याला गेलेले घनश्यामदास बिर्ला. एकाचा जन्म १८८९ चा, दुसऱ्याचा १८९४ चा. दोघेही मारवाडी व्यापारी घराण्यांतले. एकाचा कापसाचा व्यापार, दुसऱ्याची १९१९ साली निघालेली ज्यूट गिरणी. दोघेही गांधीजींच्या अगदी निकटचे. जमनालालांनी १९२१ साली रायबहादुर ही पदवी परत केली. गांधीजी त्यांना आपला पाचवा पुत्र मानीत. १९२५ साली निघालेल्या सस्ता साहित्य मंडळासारख्या संस्थेमागे या दोघांचाही हात होता. जातीचा जाच काय असतो याची झळ त्यांनाही थोडी लागली होती. एका विवाहावरून माहेश्वरी पंचायतीने १९२० च्या दशकात बिर्ला घराण्याला वाळीत टाकले होते, आणि जमनालालांनाही सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. अर्थात, पैसेवाल्यावर पडलेला बहिष्कार आणि महारवाड्यावर पडलेला बहिष्कार यांत फरक असतो. त्यांच्या गिरण्या चालू राहिल्या. आपल्यावर बहिष्कार पडला की दुकानातले मीठ बंद होते, शेतातले काम बंद होते.

जुलै १९२८ मध्ये जमनालालांनी वर्ध्याचे आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. हे धाडस होते आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण आदल्या वर्षीची घटना शेजारी ठेवून पाहा. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली; अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश हा आमचा हक्क आहे, ही मागणी तिथे होती. अमरावतीला अस्पृश्य दार ठोठावत होते, वर्ध्याला मालकाने आतून दार उघडले. अमरावतीत माणूस मागणी करणारा होता; वर्ध्यात तो पाहुणा होता. पाहुण्याला घर बघायला मिळते, घराच्या कारभारात त्याला जागा नसते.

हा फरक १९३२ साली अगदी उघडा पडला. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. करारात राखीव जागा तर होत्याच, शिवाय नवव्या कलमात प्रत्येक प्रांताच्या शिक्षणखर्चातून अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी पुरेशी रक्कम राखून ठेवण्याची तरतूद होती. हे दान नव्हते, कराराचे कलम होते. त्यानंतर सहाच दिवसांनी, ३० सप्टेंबरला, मुंबईत पंडित मालवीयांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि अस्पृश्यतानिवारणाची अखिल भारतीय संस्था निघाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस अमृतलाल ठक्कर. मध्यवर्ती मंडळात पुरुषोत्तमदास ठाकुरदास, अंबालाल साराभाई, लाला श्रीराम असे उद्योग-व्यापारातले धुरीण. सुरुवातीच्या त्या मंडळात बाबासाहेबांचेही नाव होते.

बाबासाहेब तिसऱ्या गोलमेज परिषदेला निघाले होते. १४ नोव्हेंबर १९३२ ला बोटीवरून त्यांनी ठक्करांना सविस्तर पत्र लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. व्यक्तीला सुधारून, म्हणजे चार मुलांना शिष्यवृत्ती आणि दहा घरांना साबण देऊन, अस्पृश्यता जाणार नाही; माणसाला दाबून ठेवणारी परिस्थिती बदलली पाहिजे. त्यासाठी विहीर, शाळा, चावडी येथले नागरी हक्क प्रत्यक्ष बजावण्याची मोहीम हवी, मग त्यात संघर्ष झाला तरी चालेल. नोकरी-धंद्यात समान संधी हवी. सवर्णांच्या घरांत सामाजिक व्यवहार हवा. आणि हे काम करणारे कार्यकर्ते त्याच समाजातले असावेत, कारण पोटतिडीक तिथेच असते.

यातली दुसरी मागणी जरा थांबून पाहू. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार बरा मिळे, पण तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून सवर्ण कामगारांना विटाळाची भीती. संघाच्या मंडळात बडे गिरणीमालक बसले होते. विहिरीसाठी त्यांना गावोगाव फिरावे लागले असते. आपल्या धंद्यात विणकाम खात्याचे दार उघडण्याचा विषय काढायला मात्र त्यांना कुठेही जावे लागणार नव्हते. परोपकाराची दिशा वसतिगृहांकडे वळली, गिरणीच्या आतल्या व्यवस्थेकडे वळली नाही. दान देणारा आपल्या मिळकतीतला वाटा देतो. मिळकत कशी होते हा प्रश्न तो मंडळाच्या बैठकीत येऊ देत नाही. सगळे सदस्य परस्परांचे स्नेही असतील तर तो प्रश्न विचारणार तरी कोण?

बाबासाहेबांच्या पत्राला उत्तर आले नाही. पुढे त्यांनी या संघाशी संबंध ठेवला नाही. संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा का नाही, असे एका शिष्टमंडळाने विचारले तेव्हा गांधीजींनी दिलेले स्पष्टीकरण मोठे बोधप्रद आहे. हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, सवर्ण हे ऋणको आहेत, म्हणून मंडळ ऋणकोंचेच असले पाहिजे. अस्पृश्यांनी हवे तर सल्लागार मंडळ नेमावे आणि कर्ज फिटते की नाही ते पाहावे, असा त्याचा आशय होता.

हा युक्तिवाद प्रामाणिक आहे, पण सावकारीचा अनुभव असलेल्या वऱ्हाडच्या माणसाला तो पटणे कठीण आहे. आमच्याकडे कर्जाचा हिशोब धनको ठेवतो. किती दिले, किती राहिले, हप्ता कधी, हे ऋणको एकटा ठरवत नाही. येथे मात्र कर्ज मान्य केले गेले आणि वही ऋणकोच्याच पेटीत राहिली. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहून गांधीजींचा हरिजन दौरा सुरू झाला, तो पुढल्या वर्षीच्या उन्हाळ्यानंतर संपला. त्यात सुमारे ८ लाख रुपये जमले. त्या काळी ही फार मोठी रक्कम. तिचा अपहार झाला असे मला मुळीच म्हणायचे नाही. मुद्दा एवढाच की, त्या ८ लाखांची प्राथमिकता ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या नावाने ती जमली त्यांना नव्हता.

असे केवळ आपल्याकडे घडते असेही नाही. अमेरिकेत बिल गेट्स आणि वॉरन बफे या दोन मित्रांनी जगातला एक सर्वांत मोठा दाननिधी चालवला. २००६ साली बफेंनी आपल्या संपत्तीचा प्रचंड भाग गेट्स यांच्या संस्थेला देऊ केला. त्यानंतर २०२१ पर्यंत त्या संस्थेचे विश्वस्त तीनच होते : गेट्स, त्यांच्या पत्नी आणि बफे. बाहेरचे विश्वस्त आले ते २०२२ मध्ये. आफ्रिकेतल्या आणि भारतातल्या कोट्यवधी गरिबांच्या आरोग्याचे निर्णय पंधरा वर्षे एका दांपत्याच्या आणि त्यांच्या मित्राच्या हाती होते. लसी मुलांपर्यंत पोचल्या, हे चांगलेच झाले. रचना मात्र तीच : मैत्री वर, लाभार्थी खाली.

मग आपण मदत घेऊच नये काय? तसे मी म्हणत नाही. बाबासाहेब स्वतः १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. पण तिथे करार होता : शिक्षणानंतर संस्थानची दहा वर्षे नोकरी. अटी लेखी होत्या, दोन्ही बाजूंना माहीत होत्या. नंतर मिळेल त्या मदतीने त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले. मदत बाहेरून घेतली, कारभार आपल्या हाती ठेवला. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तीही त्यांच्याच प्रयत्नाने. तिला आम्ही 'भारत सरकार' म्हणतो. तिच्यावर मी पदवीधर झालो. ती उशिरा यायची, कार्यालयाचे हेलपाटे पडायचे, पण तिच्यासाठी मला कोणाचे आभार मानावे लागले नाहीत. उशीर झाला तर मी तक्रार करू शकत होतो. पाकीट घेतलेल्या हाताला तक्रार करता येत नाही.

आजच्या स्थितीत आणखी एक गोष्ट आपल्या तरुणांनी जाणून घ्यावी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. म्हणजे व्यासपीठावरून दान म्हणून येणाऱ्या पैशातला काही पैसा कायद्याने द्यावाच लागणारा असतो. तो घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही. पण त्या २ टक्क्यांचे काय करायचे हे कंपनीचे संचालक मंडळच ठरवते. ऋणकोच्या पेटीतली वही आजही तिथेच आहे.

आमच्या वस्तीत १४ एप्रिलसाठी वर्गणी होते. कोणी पन्नास देतो, कोणी पाचशे. जयंती झाली की विहारात हिशोब वाचतात. मंडपाला किती, पोरांच्या वह्यांना किती. एखादी म्हातारी उठून विचारते, "दिव्यायले एवढे कसे लागले?" आणि पोरांना उत्तर द्यावे लागते. रक्कम छोटी असते, पण देणारा आणि विचारणारा तोच असतो. म्हणून तिथे कोणी कोणाचा उपकृत होत नाही.

यंदा तोच समारंभ पुन्हा आहे आणि आभाराचे काम पुन्हा माझ्याकडे आले आहे. मी प्राचार्यांना पत्र दिले आहे. त्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत : रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जावी, व्यासपीठ आणि छायाचित्र नसावे, आणि निवड-समितीत विद्यार्थ्यांनी निवडलेले दोन विद्यार्थी असावेत. या अटींवर आभार मानायला मी तयार आहे, असेही लिहिले आहे. एका सहकाऱ्याने सांगितले, "उगाच निधी बंद होईल, बावीस पोरांचे नुकसान होईल." ही भीती खोटी नाही आणि ती मला रात्री झोपू देत नाही. म्हणून पत्र देण्यापूर्वी मी त्या बावीस जणांना बोलावून ते वाचून दाखवले. एकोणीस जणांनी खाली सह्या केल्या. तिघांनी केल्या नाहीत. त्यांच्या घरची अडचण मला माहीत आहे आणि त्यांना मी दोष देत नाही.

स्टँडवर प्रश्न विचारणाऱ्या मुलाची सही पहिली आहे. त्याच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : त्यांच्या मैत्रीत आपण कोणी नाही आणि असण्याची गरजही नाही. ज्या वहीत आपल्या नावावर खर्च पडतो, ती वही उघडून पाहण्याचा अधिकार मात्र आपला आहे. पत्राचे उत्तर अजून आलेले नाही.