घर घेऊन समुद्रावर

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, पण खाऱ्या पाण्याची ओळख जुनी आहे. लोणारचं सरोवर इतकं खारं की २०२०च्या जूनमध्ये मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी ते गुलाबी करून सोडलं. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-शेगावकडे, कित्येक विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. लाटा पाहायच्या तर मात्र आम्हाला अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो.

ते ओलांडणं आता सोपं झालंय. ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. मेहकरला चढलं की थेट भिवंडीजवळ उतरता येतं. फक्त रात्रीचा प्रवास नको. १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पेटलेल्या बसमध्ये २५ जण गेले, ते या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. सरळसोट रस्त्यावर डोळा लागतो. आजी आणि लेकरं मागे झोपलेली असताना तर चालकाने अधिकच जपावं.

आजी आणि लेकरं मागे झोपलेली, हीच कॅरव्हॅनची, म्हणजे चाकांवरच्या घराची, खरी सोय. एकेकाळी वऱ्हाडातली माणसं बैलांची दमणी जुंपून, शिधा बांधून यात्रेला निघत आणि वाटेत झाडाखाली चूल मांडत. त्याच दमणीला आता इंजिन लागलंय, म्हणा. राज्याने २०२१मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाड्यांसोबत पाणी-वीज पुरवणाऱ्या कॅरव्हॅन पार्कचाही विचार आहे. घरच्या गाडीत पलंग-ओटा बसवायचा बेत असेल तर आधी आरटीओची मंजुरी घ्यावी. आणि गाडी लहानच निवडावी. कोकणात केळशी-आंजर्ल्याच्या गल्ल्यांत दोन्हीकडे जांभ्या दगडाचे गडगे असतात. समोरून एसटी आली तर मागे कोण सरकणार, हे आधीच ठरलेलं असतं.

रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनचं स्वप्न. नकाशावर सलग दिसणारी ही रेघ प्रत्यक्षात खाड्यांपाशी तुटते आणि तिथे फेरीबोट धरावी लागते. आगरदांड्याहून दिघीला जाताना राजपुरीची खाडी लागते आणि जंजिरा नजरेच्या टप्प्यात येतो. मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याला यायचं आणि सावित्री ओलांडून वेश्वीला उतरायचं. पुढे दाभोळ-धोपावे ही वाशिष्ठीवरची फेरी २००३पासून चालू आहे. ती चुकली तर चिपळूणचा लांब वळसा. शेवटी तवसाळहून जयगडला जाताना शास्त्री नदीचं मुख.

आपल्याकडे अंतर किलोमीटरमध्ये सांगतात, इथे भरती-ओहोटीकडे बघावं लागतं. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्येला पंधरा धरले की सव्वाअकरा येतात. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारच्या आसपास समुद्र तुडुंब आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पार मागे गेलेला, तीही उधाणाची ओहोटी. ओहोटीला जेटीचा खालचा, शेवाळलेला उतार उघडा पडतो. मागे लांब निघालेली गाडी असली तर फळीवर चढताना तिचं बूड घासू शकतं. म्हणून अवजड गाडीने पाणी वर असताना फेरी धरणं बरं. बोटवाले स्वतःच हात दाखवून थांबवतात, त्यांच्याशी हुज्जत घालू नये.

फेरी हुकली तर हॉटेलवाला तासाभराने खोलीत घेईल का, या काळजीने लॉजवर उतरणाऱ्यांचा जीव वर-खाली होतो. कॅरव्हॅनवाल्यांनी तेवढ्या वेळात जेटीजवळ चहा टाकावा, सोबत आणलेली शेगावची कचोरी काढावी. या किनाऱ्यावर कॅरव्हॅन शोभते ती देखाव्यासाठी नव्हे, या थांबण्यासाठी.

मुक्काम मात्र वाळूत नको. गाडी रुतते, शिवाय फेब्रुवारी ते एप्रिल हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या पिल्लांचा हंगाम. वेळासला २००२मध्ये गावकरी आणि चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्था यांनी कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. हे नाना फडणवीसांचं गाव. तिथे एखाद्या घरी विचारून अंगणाच्या कडेला गाडी लावावी, जेवण त्यांच्याकडेच घ्यावं आणि पिल्लं समुद्राकडे निघण्याची वेळ त्यांनाच विचारावी. संध्याकाळी हर्णैला सुवर्णदुर्गासमोर वाळूतच मासळीचा लिलाव भरतो. माळकरी घरातल्यांनी वाटल्यास नाकाला रुमाल लावून किल्ला बघावा, पण बघावाच.

रेडीपर्यंत जायचा हट्ट धरू नये. लेकरं असतील तर गणपतीपुळ्याला थांबून, रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरकडे चढावं. घाट दिवसाउजेडी गाठावा आणि त्याआधी गाडीच्या खालच्या अंगाला बसलेलं मीठ गोड्या पाण्याने धुऊन घ्यावं. नाहीतर गंज घरी सोबत येतो.