एकादशीच्या भाजीतला गोड बटाटा

चवीमागची कारणं : लेखांक ११

गेल्या आठवड्यात कारल्याचा कडूपणा झाला. या आठवड्यात बटाटा, आणि तोही गोड लागणारा.

बटाट्याचा खरा कस लागतो तो उपवासाच्या भाजीत. तूप, जिरं, हिरवी मिरची, मीठ आणि शेंगदाण्याचं कूट, एवढाच सरंजाम. कांदा-लसूण नाही, गरम मसाला नाही. बटाट्याच्या चवीला लपायला जागाच उरत नाही. रश्श्यात किंवा मिसळीत गोडसर बटाटा कुणाच्या लक्षातही येत नाही. उपवासाच्या ताटात मात्र पहिल्या घासाला कळतं. मग भाजी करणारीला विचारणा होते, ‘साखर जास्त पडली का गं?’ तिने चिमूटभरच घातलेली असते, कधी तीही नसते. त्यानंतर संशय भाजीवाल्यावर जातो, मग शेतातल्या खतावर आणि शेवटी इंजेक्शनवर. फळा-भाज्यांच्या बाबतीत कशाचाच उलगडा झाला नाही की आपल्याकडे इंजेक्शन हमखास निघतं.

यातलं काहीही झालेलं नसतं. साखर बटाट्यानेच केलेली असते, स्वतःच्या पिठातून.

बटाटा जमिनीतून काढला, पोत्यात भरला, तरी तो जिवंत असतो. पुढच्या हंगामात कोंब फुटायचे, त्यांना मुळं धरेपर्यंत पोसायचं, यासाठी झाडाने त्यात स्टार्च साठवलेलं असतं. बटाट्याच्या वजनात पाऊण हिश्श्याहून अधिक पाणी, आणि उरलेल्यात मोठा वाटा या स्टार्चचा. स्टार्चला चव नाही. पण ते ग्लुकोजच्या कणांचीच लांबलचक साखळी असतं आणि बटाटा ती रोज थोडी थोडी तोडत असतो, कारण त्यालाही श्वास घ्यावा लागतो आणि श्वासासाठी साखर लागते. नेहमीच्या हवेत जेवढी साखर सुटते तेवढी खर्च होते, थोडी पुन्हा स्टार्चमध्ये जाते. शिल्लक उरते ती इतकी कमी की जिभेला कळत नाही.

थंडीत हा हिशेब बिघडतो. तापमान आठ-दहा अंशांच्या खाली गेलं की श्वसन एकदम मंदावतं, पण स्टार्च तुटणं त्या मानाने चालूच राहतं. पगार येतोय आणि बाजारहाट बंद आहे, अशा घरासारखी स्थिती, पैसा साठणारच. आधी साठते ती सुक्रोज, म्हणजे आपण चहात घालतो तीच साखर. मग इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम तिचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. हे एन्झाइम थंडीत अधिक जोमात येतं आणि पुढची सगळी भानगड या दोन साखरांमुळेच होते. बटाटा असं का करत असावा, याचं एक सयुक्तिक उत्तर आहे : पेशीतल्या पाण्यात साखर विरघळलेली असली की ते पाणी सहजी गोठत नाही. बटाट्याचं मूळ गाव अँडीज पर्वतात, जिथे रात्री पारा शून्याखाली जातो.

हे सगळं पद्धतशीर तपासणारा पहिला माणूस हेरमान म्युलर-थुरगाऊ. मूळचा स्वित्झर्लंडचा, नोकरीला जर्मनीतल्या गायझनहाइमला. गोठलेला बटाटा गोड होतो हे युरोपातल्या शेतकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. थंडीने पेशी फुटतात, बटाटा मरतो आणि म्हणून गोड होतो, अशी समजूत होती. म्युलरने १८८२ साली दाखवून दिलं की झटकन गोठवलेला बटाटा गोड होत नाही. शून्याच्या जरा वर, न गोठवता, दिवसचे दिवस ठेवलेला होतो. म्हणजे ही मेलेल्या बटाट्याची नव्हे, जिवंत बटाट्याची करामत. आणि तोच बटाटा पुन्हा उबेला आणला की गोडी उतरते, हेही त्यानेच नोंदवलं. (वाइनवाल्यांना हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असतं. त्याच सुमारास त्याने द्राक्षाचा एक संकर केला होता, तो आजही त्याच्या नावाने लावला जातो.)

आता आपल्या बाजाराकडे येऊ. युरोपात बटाटा निघतो सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि पाठोपाठ हिवाळा येतो. माल आठ-दहा अंशांवर ठेवायला निसर्गच मदत करतो. आपलं बरोबर उलटं. देशातलं बहुतांश पीक उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल, बिहार, गुजरात अशा पट्ट्यातलं, थंडीत वाढलेलं. ते जानेवारी ते मार्चमध्ये निघतं आणि समोर उभा असतो चाळीस अंशांचा उन्हाळा. बाहेर ठेवला तर बटाटा आधी सुरकुततो, मग कोंब काढतो, मग सडतो. म्हणून आग्रा किंवा डीसा भागातला माल फेब्रुवारी-मार्चमध्ये कोल्ड स्टोरेजला लागतो आणि गरजेप्रमाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत बाहेर येत राहतो. आतलं तापमान दोन ते चार अंश. हा आकडा खरं तर बियाण्याच्या बटाट्याला साजेसा. त्या थंडीत कोंब फुटतच नाहीत. पण बियाणं आणि खाण्याचा माल बऱ्याचदा एकाच खोलीत, एकावर एक रचलेल्या पोत्यांत असतो. बियाणं वाचतं, भाजी गोड होते.

यात पंचांग मिळवून पाहा. महाशिवरात्रीला बाजारात नवा बटाटा असतो : साल पातळ, अंगठ्याने घासली तर सुटणारी. आषाढी एकादशीला कोल्ड स्टोरेजमध्ये तीन-चार महिने काढलेला असतो, श्रावणात पाच. घटस्थापनेपर्यंत सहा-सात. आपले उपवासांचे बहुतेक दिवस नेमके थंड खोलीतल्या बटाट्याच्या वाट्याला येतात. अपवाद आपल्याच पुणे जिल्ह्यात सापडतो. मंचर, खेड, सातगाव पठार इथे पावसाळी बटाटा होतो. जूनच्या पावसावर लागवड, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. नवरात्राच्या भाजीला हा माल मिळाला तर जरूर घ्यावा. माती लागलेला, कोवळ्या सालीचा असतो, ओळखायला अवघड नाही.

भाजीत गोडी लागली तर तोंड वाकडं होतं, एवढंच. तळणात मात्र नुकसान डोळ्यांना दिसतं. कोल्ड स्टोरेजमधून नुकताच आलेला बटाटा किसणीवर पातळ करून तेलात सोडा. अर्ध्या मिनिटात कडा तांबूस होतात, मग मधल्या शिरांचं वर्तुळ उमटतं, आणि चकती कुरकुरीत होईतो ती गडद तपकिरी झालेली असते. चवीला किंचित कडवट. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची बटाट्यातल्या अमिनो आम्लांशी गाठ पडली की हा रंग येतो. पोळीवरचे डाग आणि भाजलेल्या पावाचा खमंगपणा याच क्रियेचे, माइयार अभिक्रियेचे. इथे फक्त ती अतोनात होते. कधी चकतीचं एकच टोक काळं पडतं. ते झाडाला जोडलेलं टोक असतं आणि तो दोष बहुधा शेतातल्या उष्णतेचा किंवा पाण्याच्या ताणाचा.

वाळवणाचे वेफर्स घालणाऱ्या बायकांना यातलं रसायनशास्त्र कुणी शिकवलेलं नाही, पण त्यांची रीत अचूक आहे. वेफर्स नव्या बटाट्याचेच घालायचे. चकत्या दोन-तीन पाण्यांतून काढायच्या, तुरटीच्या उकळत्या पाण्यात अर्धवट शिजवायच्या, मग उन्हात. पाण्यात साखर निघून जाते आणि वेफर पांढरा तळला जातो. फ्रेंच फ्राइजचे कारखानेही काप आधी गरम पाण्यातूनच काढतात, कारण तेच.

चिप्सच्या धंद्याचा तर सगळा डोलारा या साखरेवर आहे. शंभर ग्रॅम बटाट्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज मिळून साधारण शंभर मिलिग्रॅमच्या आत असावं, हा त्यांचा दंडक. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये ‘कुफरी चिप्सोना’चे पहिले दोन वाण दिले ते यासाठीच. पण चांगल्या वाणालाही चार अंशांत कोंडलं तर तो गोड होणारच. म्हणून हा माल दहा-बारा अंशांवर ठेवतात आणि त्या उबेत कोंब येऊ नयेत म्हणून सीआयपीसी नावाच्या रसायनाची धुरी देतात. युरोपीय संघाने २०१९ मध्ये या रसायनाची परवानगी पुढे वाढवली नाही; तिथे आता इथिलीन वायू, पुदिन्याच्या जातीतल्या वनस्पतीचं तेल असे पर्याय वापरात आहेत.

अशा उबदार खोलीतला माल उत्तरेकडच्या बाजारांत ‘शुगर फ्री आलू’ म्हणून जरा चढ्या दराने विकला जातो. नाव फसवं आहे. गोड लागत नाही एवढाच त्याचा अर्थ. मधुमेह्याने त्यावर भरवसा ठेवू नये. बटाट्यातलं स्टार्च पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतं, जिभेला गोड लागो वा न लागो.

साखरेचा आणखी एक धागा २००२ मध्ये हाती लागला, तोही एका बोगद्यातून. स्वीडनमध्ये हालांडसोस डोंगरातून रेल्वेचा बोगदा खणताना १९९७ मध्ये पाणीगळती थांबवायला वापरलेल्या रसायनातून अ‍ॅक्रिलामाइड ओढ्यात गेलं. मासे मेले, गाईंचे पाय लुळे पडले. कामगारांचं रक्त तपासताना तुलनेसाठी बाहेरच्या माणसांचंही तपासलं, तर बोगद्याशी काडीचा संबंध नसलेल्यांच्या रक्तातही अ‍ॅक्रिलामाइडच्या खुणा. शोध घेत संशोधक पोहोचले तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांपर्यंत, आणि त्यात बटाटा अग्रभागी. ग्लुकोज-फ्रुक्टोज आणि बटाट्यात मुबलक असलेलं अ‍ॅस्पॅरजिन, दोन्ही कडक तापले की हे तयार होतं. प्राण्यांमध्ये त्याने कर्करोग होतो; माणसाच्या रोजच्या आहारातल्या मात्रेबाबत पुरावा तितका ठाम नाही. घाबरून वेफर्स सोडायची गरज नाही, पण काळपट तळलेले बाजूला काढावेत. उकडलेल्या बटाट्यात ही भानगड उद्भवत नाही.

घरी काय करता येईल? फ्रिज हे घरातलं कोल्ड स्टोरेजच, तेव्हा बटाटे तिथे ठेवू नयेत. टोपलीत, अंधाऱ्या आणि हवेशीर कोपऱ्यात ठेवावेत. उजेडात ठेवले तर हिरवे होतात आणि तो कडवटपणा वेगळा, आरोग्याला खरोखर वाईट. बाजारातून आणलेले गोड निघालेच, तर टाकून देऊ नयेत. पंधरा-वीस अंशांच्या हवेत दोन-तीन आठवडे राहिले की त्यांचा श्वास पुन्हा जोर धरतो, काही साखर जळते, बरीच स्टार्चमध्ये परत जाते. पुण्या-नाशकाच्या थंडीत हे छान जमतं. मे महिन्यात मुंबईत त्याआधी कोंबच येतात. एक प्रकार मात्र दुरुस्त होत नाही. फारच जुना, सुरकुतलेला, दोनदा कोंब खुडलेला बटाटा म्हातारपणाने गोड झालेला असतो, त्याला कितीही ऊब दिली तरी उपयोग नाही. आणि एकादशी उद्यावर आली असेल, तर भाजीत साखर घालू नये, हिरवी मिरची एक वाढवावी आणि उतरवताना अर्धं लिंबू पिळावं.

रताळ्याचं शास्त्र याच्या अगदी उलट आहे : ते थंडीने नाही, शिजताना गोड होतं, आणि सावकाश भाजलं तर जास्तच. ते पुढच्या आठवड्यात.