हातातली अवजारे (लेखांक 9) : अडकित्त्याच्या घाटाचे काडतूसयंत्र

विठ्ठलवाडीहून कर्जतकडे निघालेली लोकल उल्हासनगर ओलांडून अंबरनाथला येते. तिथल्या आयुध निर्माणीत दारूगोळ्याच्या पितळी पुंगळ्यांचे काम चालते. पुंगळीचे पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त. चकती दाबून पेला करायचा, तो ठशातून ओढत लांबवायचा, मधेमधे भट्टीत नरम करायचा. एवढी खटपट करून घडवलेली वस्तू एक बार उडाला की फेकून द्यायची, हे ज्यांच्या जिवावर आले त्यांनीच आजची अवजारे घडवली.

ठासणीच्या बंदुकीत हा प्रश्नच नव्हता. सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका अजून आहेत. दारू, छर्रे, चिंधी, गज, सगळे नळीच्या तोंडातूनच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पितळी काडतूस आले आणि भरण्याचे काम बंदूकवाल्याच्या हातून कारखान्यात गेले. अमेरिकेतल्या रानगव्यांच्या शिकाऱ्यांना ते परवडेना. दुकान कोसोन् कोस दूर, काडतूस महाग. जॉन बार्लो यांनी 1884 मध्ये आयडियल नावाची कंपनी काढून रिकामी पुंगळी घरीच पुन्हा भरता येईल अशी, हातात मावणारी चिमट्यासारखी अवजारे विकली. घाट थेट आपल्या अडकित्त्याचा. पुढे 1958 मध्ये विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली यांनी खिशात मावेल असा संच काढला. त्याला फक्त एक मोगरी लागते.

बार उडतो तेव्हा पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, मग किंचित आकसते. म्हणजे ती त्याच बंदुकीच्या मापाची झालेली असते. लीचा संच पुंगळीची फक्त मान आवळतो, बाकी अंग तसेच ठेवतो. त्यामुळे ती आपल्या बंदुकीत चपखल बसते, दुसऱ्या बंदुकीत अडू शकते. नेमबाजीच्या काटेकोर स्पर्धांत, जिथे एकाच भोकातून पाच गोळ्या काढायची ईर्षा असते, तिथले नेमबाज आजही मैदानावरच साध्या हातठशांनी काडतुसे भरतात. शंभर पुंगळ्या झटपट भरणारी यंत्रे बाजारात असताना!

याला निव्वळ जुन्याची हौस म्हणणे मला पटत नाही. हाताच्या अवजारात प्रत्येक पुंगळी बोटांखालून जाते. मानेला केसाएवढी चीर पडली असेल तर ती दिसते. दारू पेटवणारी नवी टोपी तळाशी सैल बसली तर दाबतानाच कळते. यंत्राचा दांडा ओढणाऱ्याला हे कळेलच असे नाही. अर्थात वेग नाही, आणि चूक झाली तर अवजार कितीही साधे असले तरी स्फोट साधा नसतो.

एक गंमत सांगण्याजोगी आहे. टोपी बसवण्याच्या दोन पद्धती. इंग्रज बॉक्सर यांच्या पद्धतीत पुंगळीच्या तळाला मधोमध एकच भोक, तर अमेरिकन बर्डन यांच्या पद्धतीत बाजूला दोन. मधल्या भोकातून सळई घातली की जुनी टोपी सहज पडते, बर्डनची मात्र तशी पडत नाही. म्हणून अमेरिकेच्या हौशी लोकांनी इंग्रजाची पद्धत उचलली, आणि अमेरिकनाची युरोपात रुजली.

आपल्याकडे हा घरगुती छंद नाही आणि होणारही नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणे गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. पण पितळ म्हणून पुंगळी भंगारातही येऊ शकते, तेव्हा विठ्ठलवाडी-उल्हासनगर पट्ट्यातल्या भंगारवाल्यांना आणि त्यांच्याकडे पितळ विकणाऱ्यांना एवढेच सांगणे : मालात पुंगळी किंवा न फुटलेले काडतूस आले तर ते तोडू नका, तापवू नका, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा.