लाली गेली, पण पडद्याचं काय?

डोळ्यांची देखभाल : लेखांक 9

युव्हियाटिस म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, हे मागच्या लेखांकात आलंच आहे. ही सूज पुढच्या भागात असेल तर डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सोसवत नाही, आणि माणूस मुकाट्याने दवाखाना गाठतो. मागच्या भागातली सूज पुष्कळदा ना लाली देते ना दुखणं. नजरेसमोर धुकं, तरंगणारे काळे ठिपके, आणि ‘नंबर वाढला असेल’ म्हणत घालवलेले महिने. बरं वाटतंय की नाही, हे इथे आरशात बघून ठरत नाही. त्यासाठी डोळ्याच्या मागच्या पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे, फोटो लागतात, आणि ते एकदा काढून भागत नाही.

आधी थेंब टाकून बाहुली मोठी करतात. पुढचे काही तास जवळचं वाचता येत नाही, तेव्हा मोटारसायकल घेऊन एकट्याने जाऊ नये. साध्या रंगीत फोटोत पडद्यावरचे पांढरे-पिवळे डाग, रक्तवाहिन्या, नसेचं तोंड दिसतं. डोळ्यातला द्राव गढूळ झाला असेल तर फोटोही धूसर येतो. मात्र तो धूसरपणा किती, यावरूनही डॉक्टर सूज मोजतात. काहीच दिसेनासं झालं तर पापणीवरून सोनोग्राफी.

दुसरी तपासणी ओसीटीची. तीत सुई नाही, स्पर्शही नाही. 1991 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी जगापुढे आणलेलं हे तंत्र डोळ्याला न टोचणाऱ्या अवरक्त प्रकाशाने पडद्याचे थर उभे कापल्यासारखे दाखवतं. रिपोर्ट हातात आला की मधोमध बघा. निरोगी डोळ्यात तिथे हलका खळगा असतो आणि जाडी साधारण पाव मिलिमीटर. सूज असेल तर खळगा भरून उंचवटा होतो, आत काळ्या पोकळ्या दिसतात. त्या पोकळ्यांत साचलेलं पाणी असतं. नजर मंदावण्याचं हे एक मोठं कारण.

तिसरी तपासणी पिवळ्या इंजेक्शनची, म्हणजे अँजिओग्राफी. हॅरोल्ड नोव्हॉटनी आणि डेव्हिड आल्विस या इंडियाना विद्यापीठातल्या दोन तरुणांनी ती 1961 साली प्रसिद्ध केली. पहिला डोळा आल्विसचाच होता. हाताच्या शिरेतून दिलेला रंग काही सेकंदांत पडद्यात पोचतो. सुजलेल्या वाहिन्या तो धरून ठेवत नाहीत, झिरपू देतात. बाहेरून निवांत दिसणाऱ्या डोळ्यात ही झिरप सापडते, म्हणून तपासणीचा त्रास सोसण्यासारखा आहे. दिवसभर कातडी आणि लघवी पिवळी होते, कोणाला मळमळतं. ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर आधीच सांगावं.

आपल्याकडे युव्हियाटिसच्या कारणांत क्षयरोग विसरून चालत नाही. त्याचे डाग कधीकधी क्षयाची औषधं सुरू झाल्यावर काही काळ पसरतात. औषध चुकलं की ही उपचारांचीच प्रतिक्रिया, हा पेच सोडवताना डाग कुठून कुठवर सरकला ते जुन्या फोटोशी ताडून पाहावं लागतं. पहिला फोटोच नसेल तर ताडायचं कशाशी?

अहिल्यानगर जिल्ह्यात खरी अडचण इथे आहे. क्षेत्रफळाने राज्यातला हा सर्वांत मोठा जिल्हा. अकोले-संगमनेरचा रुग्ण लोणीला किंवा नाशिकला जातो, पारनेर-श्रीगोंद्याचा पुण्याला, पाथर्डी-शेवगावचा नगरला. त्यातही पाथर्डीकडचं कुटुंब ऊसतोडीला गेलं की पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर. मधली तपासणी राहते, किंवा भलत्याच गावी होते आणि तिथल्या डॉक्टरांपुढे कोरी पाटी असते.

दुसरी गोष्ट सहसा कोणी रुग्णाला सांगत नाही. दोन कंपन्यांच्या ओसीटी यंत्रांवर एकाच पडद्याची जाडी वेगळी येऊ शकते, कारण खालची कड कुठे धरायची हे प्रत्येक यंत्र आपल्या पद्धतीने ठरवतं. जुन्या-नव्या यंत्रांत पन्नासेक मायक्रॉनचा फरक सहज पडतो. आकडा वाढला म्हणून घाबरण्याआधी, किंवा उतरला म्हणून सुजेवरचं स्टेरॉइड परस्पर बंद करण्याआधी, यंत्र तेच आहे का ते विचारा. शक्यतो एकाच ठिकाणी तपासणी करा. ते जमणार नसेल तर छापील कागदासोबत मूळ चित्रंही मागून घ्या. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातले बारकावे जातात. डॉक्युमेंट म्हणून मागवा.

(पुढील लेखांकात : स्टेरॉइडचे थेंब, गोळ्या आणि डोळ्याचा दाब)