सल्ला दिला, पण हिशेब कोणी ठेवायचा?

वर्षावासातला रविवार होता. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन संपले, खीरदान झाले, आयाबाया आपापल्या घरी निघाल्या. मी सतरंज्या गोळा करीत होतो. तेवढ्यात आमच्या वस्तीतला एक मुलगा जवळ आला. मुलगा म्हणायची सवय, नाहीतर त्याला आता दोन मुली आहेत आणि कानाजवळचे केसही पांढरे झाले आहेत. हातात प्लॅस्टिकची जुनी फाईल होती. ती फाईल मी ओळखली. वीस वर्षांपूर्वी मीच त्याला अंबडच्या बाजारातून आणून दिली होती.

"दादा, तुमच्या सांगण्यावरून डी.एड. केलं. आता पुढं काय करू, तेबी तुमीच सांगा," तो म्हणाला.

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते, मी काहीतरी उत्तर दिले असते.

अंकुशनगर म्हणजे समर्थ सहकारी साखर कारखान्याची वसाहत. महाकाळा शिवारात, अंबड तालुक्यात. जायकवाडीचा डावा कालवा या भागातून गेला, ऊस आला आणि उसाच्या मागे आमच्यासारखी माणसे आली. मी आज एका संस्थेच्या लेखा विभागात कारकून आहे. संध्याकाळी विहारात अभ्यासिका चालवतो. वस्तीतल्या मुलांचे अर्ज, दाखले, शिष्यवृत्त्या ही कामे माझ्याकडेच येतात. त्यामुळे लोक मला 'कार्यकर्ता' म्हणतात, आणि मलाही तो मान आवडत आला आहे, हे कबूल करतो.

२००५-०६ च्या सुमारास डी.एड.ची लाट होती. तालुक्या-तालुक्याला डी.एड.ची विद्यालये निघाली होती. बारावीला बरे गुण पडले की घरात एकच शब्द निघे, 'मास्तर'. मी त्या वेळी सव्वीस वर्षांचा. अभ्यासिकेतल्या तीन हुशार मुलांना मी स्वतः सांगितले, डोळे झाकून डी.एड. करा, दोन वर्षांत नोकरी. एकाच्या आईने शेळ्या विकल्या. या मुलाच्या बापाने मुकादमाकडून उचल वाढवून घेतली, म्हणजे पोराच्या फीसाठी नवराबायकोने आणखी एक हंगाम कोयता धरला. तिघेही पास झाले. मी विहारात त्यांचा सत्कारही घडवून आणला.

पुढे काय झाले, ते आपल्यापैकी अनेक घरांना माहीत आहे. २०१० नंतर शिक्षकभरती कित्येक वर्षे जवळजवळ थांबलीच. २०१३ पासून टीईटी आली. या मुलाचे दोनदा थोडक्या गुणांनी हुकले. मग तो जालन्याच्या एमआयडीसीत सळई बनविणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली लागला. भट्टीची धग, पाळीची ड्यूटी, भाड्याची खोली. बायको-मुली इकडे गावी. दुसरा मुलगा पिकअप चालवतो. तिसऱ्याला मात्र एका आश्रमशाळेत जागा मिळाली, आणि मी इतकी वर्षे लोकांना त्या तिसऱ्याचेच उदाहरण सांगत होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सल्ला चुकला याचे दुःख होतेच. सरकार भरती बंद करणार हे मला कोठून कळणार, असे मनाला समजावताही आले असते. पण सल्ला दिल्यावर पुढच्या दहा-बारा वर्षांत मी एकदाही त्याच्या खोलीवर जाऊन विचारले नाही की बाबा, कसे चालले आहे? हे मात्र कोणत्याही सरकारवर ढकलता येत नव्हते.

आपल्या प्रत्येक घरात पूज्य बाबासाहेबांचा फोटो आहे. काही फोटोंखाली पदव्यांची रांग छापलेली असते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. मुलांना आपण ती रांग पाठ करायला लावतो. पण दोन पदव्यांच्या मधल्या स्वल्पविरामात काय घडले, ते आपण सांगत नाही. मला वाटते, आजच्या बेकार, अर्धबेकार पोरांना त्या मधल्या वर्षांची जास्त गरज आहे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले, ही गोष्ट आपण नेहमी ऐकतो. पण गुरुजी भेट देऊन घरी गेले असे झाले नाही. त्याआधीपासून चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे त्यांचे लक्ष होते. ते त्याला पुस्तके देत. पुढे इंटरनंतर सुभेदार रामजींना खर्च झेपेना, तेव्हा हेच गुरुजी त्याला घेऊन सयाजीराव महाराजांकडे गेले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे सत्कारानंतरही गुरुजींचे लक्ष सुटले नव्हते. मी सत्कार केला आणि सतरंजी गुंडाळली.

आता पुढचा भाग पाहा. १९१३ ते १९१६ अमेरिका, मग लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. करारानुसार बडोदा संस्थानात नोकरी धरली. तेथे शिपाई दुरून फायली फेकीत. राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहात आसरा घेतला, तर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. कोलंबियात शिकलेला माणूस थोड्याच दिवसांत नोकरी सोडून मुंबईला परत आला! आपल्या वस्तीत असे घडले असते, तर आपणच म्हणालो असतो, एवढे शिकून काय उपयोग झाला?

मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. जात कळताच गिऱ्हाईक फिरले आणि तो बंद पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नोकरी मिळाली. सिडनहॅम हे कॉमर्सचे कॉलेज. मी बी.कॉम. असल्याने ही गोष्ट मला विशेष आवडते, वाचकांनी माफ करावे. पगार चांगला होता. आपण असतो तर चिकटून बसलो असतो. त्यांनी काटकसर करून पैसे साठवले, मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले, राजर्षी शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० साली ते अर्धे राहिलेले शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला गेले. माता रमाईने ती वर्षे कशी काढली, ते निराळे सांगायला नको. १९२३ साली बॅरिस्टर होऊन परत आले, तरी वकिली लगेच चालली नाही. म्हणून १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत होते. तोच चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा काळ. सत्याग्रह चालू, कोर्ट चालू, आणि घर चालावे म्हणून शिकवणेही चालू.

हे सगळे त्या मुलाला मी पुढच्या रविवारी सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, ते बाबासाहेब होते." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून मग मी त्याला माझी स्वतःची गोष्ट सांगितली, जी मी फारशी कोणाला सांगत नाही.

माझे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळी झाली की गाडी भरायची आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोप्यांत राहायचे. थोरल्या भावाला ते बरोबर नेत, कारण धाकट्यांना सांभाळायला कोणी हवे. त्याची शाळा चौथीत सुटली. मी आजीजवळ राहिलो म्हणून शिकलो. एवढाच आम्हा दोघांतला फरक. हुशार तोच जास्त होता. आजही वाढ्यांच्या पेंढ्या, मोळ्यांची संख्या, टनाचा हिशेब तो तोंडी करतो, मला कॅल्क्युलेटर लागते.

बारावी कॉमर्सनंतर मी एका कारखान्याच्या शेतकी खात्यात हंगामी चिटबॉय म्हणून लागलो. सायकलवरून फडाफडात जायचे आणि तोडीच्या चिठ्ठ्या द्यायच्या. हंगाम संपला की काम संपले. त्या कार्यालयात एक वयस्कर लेखापाल होते, आपल्या समाजाचे नव्हते. माझे अक्षर बरे म्हणून त्यांनी मला दुपारी व्हाउचर लिहायला बसवले. तेथून किर्द, किर्दीवरून खतावणी, खतावणीवरून तेरीज. तेरीज जुळली नाही तर ते घरी जात नसत, आणि मलाही जाऊ देत नसत.

एकदा २७० रुपयांचा फरक निघाला. मी पहिल्या पानापासून तपासायला लागलो. त्यांनी हात धरला आणि म्हणाले, आधी नऊने भागून पाहा. भाग गेला. म्हणाले, आता उलटा लिहिलेला आकडा शोध. पाच मिनिटांत सापडला, ६३० च्या जागी ३६० पडले होते. नऊने भाग गेला की अंक उलटे झाल्याची शंका घ्यायची. फरकाच्या निम्मी रक्कम कोठे दिसली तर ती जमेऐवजी नावे पडली आहे का पाहायचे. ही विद्या मला कोणत्या पुस्तकाने दिली नाही. त्याच साहेबांनी मला नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा अर्ज आणून दिला. नोकरी करीत बी.कॉम. झालो. दर परीक्षेनंतर ते गुणपत्रक मागून घेत आणि चष्मा पुसून एकेक विषय वाचत. पुढे ऑफिसात संगणक आला, टॅली आले. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेले साहेब घाबरून गेले. तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसलो. माऊस धरताना त्यांचा हात थरथरायचा. ज्यांनी मला बोट धरून खतावणी शिकवली, त्यांना मी टॅली शिकवले. मुलाला हे सांगताना माझाच गळा दाटून आला.

"मग मी कंपनी सोडू?" त्याने विचारले.

त्याची पत्नी मुलीला घेऊन दाराशी उभी होती. तीच आधी बोलली, "सोडून खायचं काय?" तिचे बरोबर होते. या वेळी मी डोळे झाकून काही सांगितले नाही. आम्ही तिघांनी वही घेतली. महिन्याचा पगार, खोलीचे भाडे, एस.टी., किराणा, मुलींचे दप्तर, बचत गटाचा हप्ता. वहीवरून दिसले की नोकरी सोडता येत नाही, पण महिन्यातले चार रविवार मोकळे आहेत आणि एक आठवडा रात्रपाळी असली की दुपारही मोकळी असते. त्याला मुलांना शिकवायची हौस आहे, गणित पक्के आहे. हिशेबाचे काम शिकला, तर जालन्यात बियाण्यांची, लोखंडाची, आडतीची दुकाने पुष्कळ आहेत. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर लहान दुकानदारालाही लिहिणारा माणूस लागतो. पण दोन वर्षांत नोकरी पक्की, असे मी आता म्हणालो नाही. एवढेच म्हणालो, दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वही माझ्यापुढे ठेवायची, आणि मी विसरलो तर तू नाही, तुझ्या बायकोने मला हाक मारायची.

जाता जाता पालकांना एक विनंती. दहावी-बारावीनंतर मुलाला कोठे घालायचे हे ठरवताना एकाच कार्यकर्त्याच्या तोंडावर विसंबू नका, माझ्यासुद्धा. समाजकल्याण कार्यालयात स्वतः जा. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तिच्या अटी वाचून घ्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरा. स्पर्धा परीक्षांसाठी बार्टीची मोफत प्रशिक्षणे असतात. ज्या क्षेत्रात मूल जाणार, त्या क्षेत्रात काम करणाऱ्या एका तरी माणसाला मुलासह जाऊन भेटा आणि विचारा, गेल्या पाच वर्षांत किती जणांना काम मिळाले? हा प्रश्न २००५ साली मी विचारला नव्हता.

आता दोन महिने झाले. तो रविवारी सकाळच्या एस.टी.ने येतो, मुलींना भेटतो, दुपारी विहारात येतो. मी घरून जुन्या किर्दीच्या सरावासाठी काढलेल्या प्रती नेतो. मागच्या रविवारी त्याने पहिली तेरीज काढली. चारशे पन्नासाचा फरक आला. त्याची थोरली मुलगी, चौथीतली, शेजारी बसून पाहत होती. बापाच्या आधी तीच म्हणाली, "पप्पा, नऊने जातंय."

आम्ही तिघे उलटा आकडा शोधत बसलो. साडेपाचची एस.टी. चुकली, तो शेवटी ट्रकने गेला.