भिंगाआधी माप

थंडी सुरू झाली की अहिल्यानगर जिल्ह्यात मोतीबिंदूचा विषय घरोघरी निघतो, कारण डोळ्याचे ऑपरेशन थंडीतच करावे हे आपल्याकडे पक्के बसलेले आहे. मोठी चीर, टाके आणि डोळ्यावर बरेच दिवस पट्टी असे तेव्हा घाम आणि धूळ टाळण्यात शहाणपण होते. आजच्या, बऱ्याचदा तीन मिलिमीटरहूनही लहान असलेल्या छेदाला ऋतूशी फारसे देणेघेणे नाही. तरी मुहूर्त ठरतो आणि मग दोन प्रश्न हमखास येतात. मोतीबिंदू पिकला का? भिंग देशी टाकायचे की विदेशी? यात तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, तो म्हणजे डोळा नीट मोजला का. ऑपरेशननंतर चष्म्याशिवाय किती दिसेल हे बऱ्याच अंशी त्याच प्रश्नावर ठरते. लेसर, फेको, घडीचे भिंग यांच्या जाहिराती होतात. मोजमापाची जाहिरात कोणी करत नाही.

मोजमापाच्या महत्त्वाचा एक पुरावा आपल्या शेजारीच, पुण्यात आहे. तिथल्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी ४०० डोळ्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून दोन पद्धतींची तुलना केली. एकीकडे यंत्राने भिंग फोडून शोषून घेणारी महागडी फेको, दुसरीकडे हाताने केलेली छोट्या छेदाची स्वस्त शस्त्रक्रिया. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी विनाचष्मा ६/१८ किंवा त्याहून चांगले दिसणारे डोळे फेकोच्या गटात ८१ टक्के, तर दुसऱ्या गटात ७१ टक्के होते. फेको जिंकली, असे म्हणून बहुतेक जण इथेच थांबतील. पण योग्य चष्मा लावल्यावर दोन्ही गट ९८ टक्क्यांवर आले. दोन पद्धतींतला फरक दहा टक्क्यांचा. पण शस्त्रक्रिया उत्तम होऊनही नंबर राहिल्यामुळे कमी दिसणारे डोळे फेकोत सतरा टक्के आणि दुसऱ्या गटात सत्तावीस टक्के! हा उरलेला नंबर सगळाच मोजमापाच्या चुकीतून येतो असे नाही. छेदामुळे बुबुळाची वक्रता बदलते, तिचाही त्यात मोठा वाटा असतो. पण तंत्राच्या किमतीवर जेवढी चर्चा होते, तिच्या दहाव्या हिश्शानेही या नंबराची होत नाही, हे मात्र खरे.

भिंगाच्या इतिहासातही हीच गोष्ट दडलेली आहे. लंडनचे डॉ. हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट टॉमस रुग्णालयात डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. वैमानिकांच्या डोळ्यात घुसलेले विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकचे तुकडे डोळा निमूट सहन करतो, हे त्यांनी दुसऱ्या महायुद्धात पाहिले होते. ही कथा सगळे सांगतात, आणि तीत विमान ‘स्पिटफायर’ असते. प्रत्यक्षात ज्या वैमानिकाचा दाखला दिला जातो तो गॉर्डन क्लीव्हर ‘हरिकेन’ उडवत होता. कोणी सांगत नाही तो भाग पुढचा आहे. रिडलींनी नैसर्गिक भिंगाचा आकार जवळजवळ तसाच प्लॅस्टिकमध्ये उतरवला, पण ते प्लॅस्टिक प्रकाश जास्त वळवते. परिणामी भिंग डोळ्यात टिकले, पण रुग्णाला दहाच्याही पलीकडचा उणे नंबर लागला. ‘या डोळ्याला किती शक्तीचे भिंग’ या प्रश्नाला गणिती सूत्राने पहिले उत्तर दिले ते सोव्हिएत रशियाच्या स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी, १९६७ मध्ये. रिडलींना उशिरा का होईना, ‘सर’ हा किताब मिळाला. फ्योदोरोव आपल्याकडे चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या चिरांसाठीच थोडेफार आठवले जातात. माझ्या मते भिंगाला उपयोगी बनवण्याचे अर्धे श्रेय त्यांच्या सूत्राला जाते.

१९८० च्या सुमारास सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ यांनी मांडलेले सूत्र तर शाळकरी मुलालाही करता येईल. भिंगाच्या जातीनुसार ठरलेला एक आकडा घ्या, समजा ११८. त्यातून डोळ्याच्या लांबीची अडीचपट आणि बुबुळाच्या वक्रतेची ०.९ पट वजा करा. लांबी २३.५ मिलिमीटर, वक्रता ४४ असेल तर उत्तर १९.६५. आता लांबी चुकून एकच मिलिमीटर कमी मोजली गेली तर उत्तर २२.१५ होते. एका मिलिमीटरला अडीच नंबर! फार लहान किंवा फार लांब डोळ्यांसाठी आज याहून पुष्कळ चांगली सूत्रे आहेत, पण आत जाणारे माप चुकीचे असेल तर कुठलेही सूत्र ते सुधारू शकत नाही.

ही लांबी मोजायची जुनी रीत ध्वनीची. पारनेर-पाथर्डीच्या खोल विहिरीत हाक मारून प्रतिध्वनी किती वेळाने येतो यावरून खोली काढावी, तसे अल्ट्रासाउंड बुबुळापासून डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत जाऊन परत येते. फरक इतकाच की या विहिरीचा काठ मऊ आहे. तपासनिसाने सळई बुबुळावर जरा दाबून धरली की काठच खचतो, एक-दोन दशांश मिलिमीटर खोली कमी भरते, गरजेपेक्षा जास्त शक्तीचे भिंग निवडले जाते आणि रुग्णाला उणे नंबर लागतो. उपाय महाग नाही. पापण्यांमध्ये छोटी वाटी बसवून तीत सलाइन भरायचे आणि सळई बुबुळाला न टेकवता मोजायचे. ‘शिबिरात लाखोंची यंत्रे कुठून आणायची’ या आक्षेपाला हे उत्तर पुरेसे आहे. दोन्ही डोळे मोजावेत आणि त्यांत तीन दशांश मिलिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा मोजावे, या शिस्तीला तर पैसेही लागत नाहीत. उन्हात राबणाऱ्यांच्या डोळ्यात अनेकदा बुबुळावर मांस वाढलेले असते, कोरडेपणाही असतो. दोन्हींमुळे वक्रतेचा आकडा फसवा येतो. म्हणून डॉक्टर ‘आधी हे बरे करू, मग मोजू’ म्हणाले तर तो वेळकाढूपणा समजू नये.

लांबी प्रकाशाने मोजणारी यंत्रे १९९९ च्या सुमारास बाजारात आली. ती डोळ्याला स्पर्श करत नाहीत आणि मिलिमीटरच्या शतांशापर्यंत जातात. पण प्रकाशाला आत जायला वाट हवी. पांढरा फटक, पूर्ण पिकलेला मोतीबिंदू असेल तर हे यंत्र अनेकदा हात टेकते आणि पुन्हा ध्वनीकडे वळावे लागते. पिकण्याची वाट पाहणारा माणूस आपले सर्वांत अचूक माप स्वतःच गमावतो. शिवाय कडक झालेले भिंग फोडायला जास्त ऊर्जा लागते, फुगलेल्या भिंगाने डोळ्याचा दाब वाढू शकतो. पिकू देण्याचा सल्ला पूर्वीच्या शस्त्रक्रियेला सोयीचा होता. आता तो सोडून द्यायला हवा.

मग रक्त-लघवी, ईसीजी, छातीचा फोटो या तयारीचे काय? अमेरिका आणि कॅनडात १९ हजारांहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रियांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सरसकट तपासण्या केलेल्या आणि न केलेल्या अशा दोन्ही गटांत गुंतागुंतीचे प्रमाण अगदी सारखे निघाले, हजारी ३१.३. यावरून तपासण्या निरर्थक ठरवण्याची घाई मात्र नको. त्या रुग्णांची शारीरिक तपासणी झालेली होती आणि गरज दिसली तिथे चाचण्याही झाल्या होत्या. जामखेडच्या एखाद्या वाडीतल्या माणसाची साखर आयुष्यात पहिल्यांदा शिबिरातच मोजली जात असेल, तर त्या चाचणीला कर्मकांड म्हणता येणार नाही. पण कागदांची भलीमोठी फाइल आणि डोळ्याचे मापन घाईत दोन मिनिटांत, हा उलटा हिशोब झाला. काही गोष्टी सांगायला मात्र एक पैसा लागत नाही. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनची गोळी चालू असेल तर ती आधी सांगितलीच पाहिजे. या गोळीने शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुलीभोवतीचा पडदा लुळा पडू शकतो, आणि ती चार दिवस बंद केल्याने फायदा होत नाही. डॉक्टर सावध असले म्हणजे झाले. रक्त पातळ करणारी गोळीही मनाने बंद करू नये.

माप घेतल्यावरही एक निर्णय उरतो, आणि तो रुग्णाचा असतो. साध्या, एकाच अंतराच्या भिंगाने लांबचे चष्म्याविना हवे की जवळचे? गुरे-ढोरे, रस्ता, शेत पाहणाऱ्याला लांबचे सोयीचे. नेवाशात किंवा घरी ज्ञानेश्वरीचे पारायण करणाऱ्या आजीला मुद्दाम उणे अडीच नंबर ठेवून घेता येतो; मग पोथी विनाचष्मा आणि रस्ता चष्म्याने. हे आधी सांगावे लागते, कारण डोळ्यात बसलेले भिंग सहज बदलता येत नाही. आणि पहिल्या डोळ्याचा मापनाचा कागद, भिंगाच्या शक्तीचे स्टिकर आणि नंतर उरलेला नंबर हे तिन्ही जपून ठेवावे. पहिल्या डोळ्यात अंदाज जेवढा चुकला, त्याच्या साधारण निम्मी दुरुस्ती दुसऱ्या डोळ्याच्या हिशोबात करण्याची पद्धत आहे. ती करायला डॉक्टरांना हे आकडे लागतात, आणि दुसरा डोळा वेगळ्या गावी, वेगळ्या शिबिरात होणार असेल तर ते रुग्णाच्या पिशवीतूनच यावे लागतात.